कातड्याच्या वादीत मावलेले राज्य

वाणगाव स्थानकाच्या फलाटावर भल्या पहाटे उभे राहून पूर्वेकडे पाहिले, तर मिरचीच्या वाफ्यांपलीकडे आणि भाताच्या खाचरांपलीकडे, धुक्यातून हळूहळू वर येणारी डोंगरांची एक निळसर रांग दृष्टीस पडते. पश्चिमेस चिंचणी-तारापूरचा समुद्र, पूर्वेस ही रांग, आणि मधल्या चिंचोळ्या सपाटीवरून उत्तर-दक्षिण धावणारा लोहमार्ग, असा आमच्या गावाचा एकंदर भूगोल आहे. वाशीच्या बाजाराला हिरव्या मिरचीच्या गोण्या नेणारे टेंपो सुटण्याची घाई उडालेली असते तेव्हा त्या डोंगरांकडे कोणी मान वर करून पाहत नाही. तथापि त्या रांगेच्या पोटात सहाशे वर्षे एक स्वतंत्र राज्य नांदत होते. त्याला स्वतःचा राजा होता, स्वतःचा शक होता, स्वतःची जमाबंदी आणि स्वतःचे कज्जे होते. ते राज्य जव्हारचे.

लहान राज्यांचा इतिहास आपल्याकडे फारसा आदराने लिहिला जात नाही. मोठ्या सत्तांच्या बखरींत ती एखाद्या वाक्यापुरती डोकावतात आणि खंडणी भरून पुन्हा अंतर्धान पावतात. परंतु सत्ता आणि अर्थकारण यांचा संबंध उघड्या डोळ्यांनी पाहावयाचा असेल, तर लहान राज्याइतके सोयीचे उदाहरण नाही. कारण तेथे सारेच थोडके असल्याने काही लपून राहत नाही. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील गिनी-बिसाव हा देश आपल्यापैकी फार थोड्यांच्या स्मरणात असेल. ज्या पोर्तुगीज राजसत्तेने वसई, माहीम, तारापूर आणि डहाणू येथे कोट बांधले, तिचीच ठाणी त्या किनाऱ्यावरही होती. जो काजू तिने ब्राझीलहून आपल्या कोकणात आणला, त्याच काजूच्या बियांवर आज त्या देशाची जवळजवळ सारी निर्यात उभी आहे. १९७३ साली त्याने स्वातंत्र्य पुकारले, १९७४ साली पोर्तुगालने ते मान्य केले, आणि त्यानंतर १९८० व २०१२ या सालांत लष्कराने तेथील सरकारे उलथून टाकली. एकच पीक, एकच बंदर, भोवती बलाढ्य शेजारी, आणि राजधानीत सत्तेसाठी चाललेली ओढाताण, असे हे चित्र वाचताना मला ते परके वाटत नाही. काजूच्या जागी साग घातला आणि बिसावच्या जागी जव्हार, तर त्यातील पुष्कळसे आमच्या डोंगरात घडून गेलेले आहे.

जव्हारच्या राज्याची जन्मकथा मोठी मार्मिक आहे. कथा अशी की, चौदाव्या शतकाच्या प्रारंभी या डोंगरावर एका वारली नाईकाचा अंमल होता. थळ घाटाजवळच्या मुकणे गावी एक लहानशी गढी बाळगून असलेला पौपेरा नावाचा महादेव कोळी पुरुष, ज्याला वंशावळीत जयबा मुकणे म्हणतात, त्याने या वारली नाईकाकडे जमिनीची याचना केली. आणि मागितले ते केवळ एका बैलाच्या कातड्याखाली मावेल इतकेच. नाईकाने हसत हसत होकार दिला. तेव्हा पौपेऱ्याने त्या कातड्याची सुताएवढी बारीक वादी कातरली आणि ती डोंगरावर फिरवीत नेऊन जव्हारचे सारे ठाणेच तिच्या वेढ्यात घेतले. वचनाने बांधला गेलेला नाईक निरुत्तर झाला; त्याच्या वाट्यास डहाणूकडील गंभीरगड आणि त्याभोवतीचा मुलूख तेवढा राहिला. हीच कथा भूमध्य समुद्राकाठी कार्थेज नगरीच्या स्थापनेविषयी राणी डायडोच्या नावावर सांगितली जाते. आफ्रिकेच्या उत्तर टोकावर आणि सह्याद्रीच्या उतारावर एकच वादी कशी फिरली, हे शोधणे पंडितांचे काम. माझ्यासारख्याला त्यात लक्षणीय वाटते ते एवढेच, की या राज्याने आपल्या स्थापनेची कथा पराक्रमाची म्हणून जपली नाही. मूळ धनी वारली होता आणि त्याची भूमी शब्दच्छलाने गेली, हे त्या कथेत स्वच्छ कबूल केलेले आहे. वारली या गोष्टीत केवळ हरण्यापुरता येतो आणि निघून जातो. पुढील सहा शतकांत तो बहुधा याच रीतीने येत-जात राहणार होता.

जयबाच्या मागून आलेल्या धुळबारावास दिल्लीच्या सुलतानाने, म्हणजे मुहंमद तुघलकाने, ‘नेमशाह’ असा किताब देऊन मान्यता दिली, ती ५ जून १३४३ या दिवशी. या घटनेचे महत्त्व संस्थानाला इतके वाटले की त्या दिवसापासून त्याने स्वतंत्र शक धरला आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत दरबारी कागदांवर तो चालविला. परंपरा सांगते की त्या काळी राज्यात बावीस किल्ले होते आणि वसूल नऊ लाखांचा होता. हा आकडा थोडा सैल हाताने धरला तरी त्यातून एक गोष्ट निश्चित कळते, की आरंभीचे जव्हार हे आजच्या तालुक्याएवढे नव्हते, तर उत्तर कोकणचा मोठा भाग त्याच्या कक्षेत येत होता. दिल्ली दूर होती. किताब देण्यास तिला काही पडत नव्हते आणि घेणाऱ्याला मात्र त्याने शेजाऱ्यांत मान मिळत होता. दूरच्या मोठ्या सत्तेकडून शिक्का घ्यावा आणि जवळच्या मोठ्या सत्तेला तो दाखवावा, हे लहान राज्याचे पहिले राजकारण जव्हारने असे आरंभीच साधले.

आता या राज्याचे पोट कशावर भरत होते ते पाहू. जव्हारची भूमी समुद्रसपाटीपासून दीडेक हजार फूट उंचीवर, पावसाने धुऊन निघालेली आणि खडकाळ. दऱ्याखोऱ्यांच्या तळाशी जेथे माती साचे तेथे भात. उतारावर नाचणी आणि वरई. आणि उरलेल्या साऱ्या जागेवर अरण्य. भाताची रीत कष्टाची. उन्हाळ्यात झाडांचे टाहाळे तोडून, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचे थर रोपाच्या जागेवर अंथरून, वर माती पसरून ते जाळावयाचे, म्हणजे राब भाजावयाचा, आणि त्या राखेत पहिल्या पावसाबरोबर बी फेकावयाचे. चैत्र-वैशाखात संध्याकाळी या डोंगरांवर जे धुराचे पांढरे पट्टे दिसतात ते या राबाचे. म्हणजे डोंगरातल्या कुणब्याचे भातदेखील अरण्यावर अवलंबून; झाडाला हात लावल्यावाचून त्याच्या खाचरात रोप उगवत नसे. अरण्यात साग होता, ऐन होता, खैर होता, बांबू होता. मोहाची फुले होती, जी दुष्काळात अन्न आणि सुकाळात दारू होत. खैराच्या लाकडाचा कात काथोडी लोक काढीत. या साऱ्यांत राजाच्या खजिन्याला रुपया मिळवून देणारी वस्तू एकच, ती म्हणजे साग. कारण तिला किनाऱ्यावर गिऱ्हाईक होते. आगाशी आणि वसईच्या खाड्यांत, दमणच्या गोदीत जहाजे बांधली जात, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत टिकेल अशी तुळई सागावाचून दुसऱ्या लाकडाची होत नसे.

सागाच्या जोडीला दुसरे उत्पन्न वाटेचे होते. नाशिक-त्र्यंबकाच्या पठारावरून कोकणच्या बंदरांकडे उतरणाऱ्या घाटवाटा या मुलखातून जात. ज्याच्या हाती घाटाचे तोंड, त्याच्या हाती जकात; आणि ज्याला जकात द्यावयाची नाही, त्याने चौकी पाडण्याएवढे बळ आणावे, असा व्यवहार. तेव्हा डोंगरातून माल खाली उतरे आणि खालून हुकूम वर चढे, असे या राज्याचे सारे गतिशास्त्र होते. जोवर माल आणि हुकूम यांच्यामधल्या नाक्यावर बसता येत होते, तोवर जव्हारचा राजा राजा होता.

सोळाव्या शतकात किनाऱ्यावर नवा धनी आला. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली, १५५९ साली दमण त्यांच्या हाती गेले, आणि मधल्या काळात, १५५६च्या सुमारास, अशेरीचा बेलाग किल्लाही त्यांनी मिळविला. किनाऱ्याच्या सपाटीवर त्यांचा अंमल बसला. परंतु डोंगरावर तो कधीच बसला नाही. कोळ्यांच्या टोळ्या खाली उतरत, भाताची गंजी पेटवीत, गुरे हाकून नेत आणि अरण्यात शिरत. यावर शेवटी जी तोड निघाली ती हिंदुस्थानच्या राजकारणात पुढे फार गाजली. जव्हारच्या उत्तरेस असलेल्या रामनगरच्या, म्हणजे पुढील धरमपूरच्या, राजाला दमणच्या पोर्तुगिजांनी आपल्या गावांच्या वसुलाचा एक भाग, जो चौथ या नावाने ओळखला गेला, दरसाल द्यावा आणि त्याने उपद्रव करू नये, असा हा करार होता. तोफा आणि गलबते बाळगणारी युरोपीय सत्ता डोंगरातल्या धनुष्यबाणवाल्या राजाला पैसे मोजत होती, हे दृश्य विसरण्याजोगे नाही. दुर्बलाचेही एक बळ असते, आणि ते म्हणजे त्याचा दुर्गम मुलूख. तेथे जाऊन त्याला धरण्याचा खर्च त्याला गप्प बसविण्याच्या खर्चाहून अधिक येतो, एवढे त्याला ठाऊक असले की पुरे.

१६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. त्या स्वारीच्या वाटेवर जव्हारच्या विक्रमशाहाने त्यांची भेट घेऊन त्यांच्या मंदिलात शिरपेच खोवला, आणि ज्या माळावर ही भेट झाली तो शिरपामाळ, अशी जव्हारची परंपरा आहे. तो माळ आजही दाखविला जातो. तेथे उभे राहिले की मला नेहमी त्या भेटीतला दुसरा पक्ष आठवतो. यजमानाच्या अंगणातून चाललेल्या सैन्याला यजमान अडवू शकत नाही, म्हणून तो स्वागत करतो. पाहुण्यालाही त्या क्षणी भांडण नको असते, म्हणून तो शिरपेच स्वीकारतो. दोघांच्याही मनात एकच वाट असते, कल्याणहून उत्तर कोकणातून सुरतेस जाणारी. फक्त एकाला ती आपल्या जकातीची वाटते आणि दुसऱ्याला आपल्या स्वारीची.

हा समेट आठ वर्षे टिकला. १६७२ च्या जूनमध्ये मोरोपंत पिंगळे मोठी फौज घेऊन जव्हारवर चालून आले आणि त्यांनी ते काबीज केले. विक्रमशाह पळून नाशिककडे मोगलांच्या आश्रयास गेला, आणि खजिन्यात सतरा लाखांचा ऐवज मराठ्यांच्या हाती लागला. ज्या तारखेस हे घडले ती इतिहासकारांनी ५ जून अशी दिली आहे. तीनशे एकोणतीस वर्षांपूर्वी ज्या दिवशी नेमशाहाला दिल्लीचा किताब मिळाला आणि ज्या दिवसापासून संस्थान आपली वर्षे मोजत होते, नेमका तोच दिवस! पुढल्याच महिन्यात रामनगरही पडले, आणि रामनगरच्या राजाचे वारस या नात्याने दमणकरांनी चौथ आता आम्हांस द्यावी, अशी मागणी महाराजांनी पोर्तुगिजांकडे केली. जव्हार आणि रामनगर हाती येताच कल्याणपासून सुरतेपर्यंतची आडवाट मोकळी झाली. सतरा लाखांचा तो ऐवज एका नाचणी खाणाऱ्या मुलखाच्या तळघरात साठला होता, याचा अर्थ सरळ आहे: ते सारे द्रव्य वाटेने आलेले होते आणि वाटेनेच गेले.

मुकणे घराणे पुढे पुन्हा गादीवर आलेले दिसते. पण त्याचा खरा कस लागला तो १७३९ नंतर. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत त्या वर्षीच्या जानेवारीत तारापूरचा कोट मराठ्यांनी घेतला. आमच्या वाणगावपासून काही कोसांवरच्या त्या तटावर बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा कामास आला. मागोमाग अशेरी आली आणि मे महिन्यात वसई पडली. त्या विजयाचा आनंद महाराष्ट्राने आजवर योग्य तो मानला आहे. परंतु जव्हारच्या दरबारात ती बातमी ज्या दिवशी पोहोचली असेल, त्या दिवशी तेथील शहाण्या कारभाऱ्याने काही आनंदाने साखर वाटली नसेल. दोन बलवंतांच्या मध्ये उभा असलेला दुर्बल दोघांनाही हवा असतो. त्यांतील एक नाहीसा झाला की त्याची गरज संपते. पश्चिम आफ्रिकेत गांबिया हा देश नदीच्या दोन्ही काठांवरची एक पट्टी म्हणून सेनेगलच्या पोटात आजही शिल्लक आहे, तो इंग्रज आणि फ्रेंच यांच्या परस्परांतील चुरशीमुळेच. त्यांच्यापैकी एकाने जर आधीच हात टेकले असते, तर ती पट्टी केव्हाच पुसली गेली असती. जव्हारच्या बाबतीत ते घडले. पोर्तुगीज गेले, आणि चहूबाजूंनी पेशव्यांचा एकछत्री अंमल झाला.

यानंतरचा इतिहास तहनाम्यांचा आणि कातरण्याचा आहे. एकेक तह झाला की एकेक परगणा तुटला, नजराणा चढला, आणि राजाच्या कारभारावर पुण्याचा डोळा अधिक बारीक झाला. १७८२ साली जे उरले त्याचा वसूल पंधरा ते वीस हजार रुपये एवढाच होता. परंपरेचे नऊ लाख आणि हे वीस हजार यांच्यामध्ये चार शतकांचे अंतर आहे. पण त्यातील मोठी घसरण शेवटच्या चाळीस-पन्नास वर्षांतली. याच सुमारास शेजारचा नगर हवेलीचा परगणा मराठ्यांनी पोर्तुगिजांना एका जहाजाच्या भरपाईपोटी बारा हजारांच्या वसुलासाठी लावून दिला. म्हणजे एका जहाजाची भरपाई बारा हजारांची आणि एका राजवंशाची उरलीसुरली दौलत पंधरा-वीस हजारांची, असे या डोंगरी मुलखाचे भाव त्या काळच्या राजकारणाच्या बाजारात चालले होते. नगर हवेली त्या व्यवहाराने पुढे १९५४ पर्यंत पोर्तुगिजांकडे राहिली, ही त्याच कागदाची लांबलेली सावली होय.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि जव्हार इंग्रजांच्या छत्राखाली आले. ठाण्याचा कलेक्टर हाच संस्थानचा राजकीय प्रतिनिधी झाला. इंग्रजांनी हे राज्य खालसा का केले नाही, याचे उत्तर त्यांच्या औदार्यात नसून त्यांच्या हिशेबीपणात असावे. चौथीच्या काळचा तोच नियम अद्याप चालू होता: येथे बसण्याचा खर्च येथून मिळणाऱ्या वसुलाहून अधिक. राजा राहिला, दरबार राहिला, दसऱ्याची स्वारी राहिली आणि पुढे नऊ तोफांची सलामीही मिळाली. नाक्यावर बसण्याचे सामर्थ्य मात्र गेले ते गेलेच.

आणि अशा वेळी खालच्या सपाटीवर एक नवी वाट तयार झाली. १८६०-७० या दशकात मुंबईहून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग किनाऱ्याला समांतर पडला. पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू अशी स्थानके ओळीने उभी राहिली. या मार्गाने जव्हारच्या अर्थकारणाला दोन गोष्टी केल्या. घाटवाटांचे महत्त्व त्याने संपविले, कारण नाशिकचा माल दुसऱ्या लोहमार्गाने थळ घाटातून कल्याणला उतरू लागला. आणि सागाचे महत्त्व मात्र त्याने वाढविले, कारण वाढत्या मुंबईला लाकूड हवे होते आणि ते आता बैलगाडीने स्थानकापर्यंत आणले की पुरत होते. हिवाळ्यात डोंगरातून उतरणाऱ्या त्या गाड्यांचे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे: दोन बैल, एक ओंडका, ओंडक्याच्या शेंड्यावर संस्थानी हातोड्याचा ठसा, आणि उतारावर गाडी आवरण्यासाठी मागे साखळीने बांधलेले फरफटते लाकूड. ठसा संस्थानचा, बैल कुणब्याचे, आणि किंमत ठरविणारा व्यापारी स्थानकाजवळच्या वखारीतला. खाली उतरणाऱ्या मालाची रीत पूर्वीचीच. फक्त नाका आता राजाच्या हद्दीबाहेर, इंग्रजी मुलखात, आमच्या बाजूला आला होता.

१९०१ च्या खानेसुमारीत जव्हारचे क्षेत्र ३१० चौरस मैल आणि लोकसंख्या ४७,५३८ भरली. राजधानीत ३,५६७ माणसे होती, म्हणजे आजच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. उत्पन्न सुमारे पावणेदोन लाख, ते जमीन, अबकारी आणि जंगल या तीन बाबींचे, निर्यात दोन वस्तूंची, साग आणि तांदूळ, खंडणी नाही. विलायती ज्ञानकोशांतून या राज्याला इतक्याच ओळी मिळाल्या. त्या तीन बाबींकडे जरा थांबून पाहिले म्हणजे रयतेची स्थिती कळते. ज्या अरण्यातून राब आणावयाचा ते सरकारी झाले की टाहाळ्यालाही परवाना. ज्या मोहाची दारू घरी गाळावयाची तो अबकारीत गेला की ती चोरी. आणि जमिनीचा धारा द्यावयास रुपया नाही म्हणून तांदूळ सावकाराच्या घरी. तांदूळ निर्यात होत होता म्हणून तो मुबलक होता, असे कोणी समजू नये. पिकविणारा नाचणीची आंबील पीत होता म्हणून तो निर्यात होत होता. शेजारच्या इंग्रजी मुलखातही हाच दाह होता. राबाच्या आणि जंगलहक्कांच्या तक्रारी इतक्या माजल्या की १८८५ साली सरकारला जंगल-चौकशी समिती नेमावी लागली.

हा सारा मुलूख संस्थानी आणि इंग्रजी असा नकाशावर दोन रंगांत दाखविला असला, तरी वारल्याच्या पाठीवरचा वळ एकाच रंगाचा होता. पावसाळ्यात खावटी म्हणून घेतलेले दोन मण धान्य, लग्नासाठी उचललेले काही रुपये, आणि त्यापायी नवरा-बायको दोघांनी सावकाराच्या दारी जन्मभर राबणे, असे राबणाऱ्याला लग्नगडी म्हणत. जमीनदाराच्या शेतावर फुकट करावयाच्या कामाला वेठ म्हणत. १९४५ च्या मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातील झरी येथे हजारो वारली एकत्र जमले आणि त्यांनी वेठ नाकारली. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी त्यांना संघटित केले. पाठोपाठ गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न निघाला: पाचशे पौंड गवतास अडीच रुपये, ही मागणी. १० ऑक्टोबर रोजी तलवाडा येथे जमलेल्या निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला आणि वारली प्राणास मुकले. तरीही मागणी मागे गेली नाही, आणि लाट डहाणू तालुक्यात व पुढे डोंगराकडे पसरली. कातड्याच्या वादीने ज्याची जमीन वेढली गेली होती तो नाईक, सहा शतकांनी का होईना, पण पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने बोलला, असे मी त्या घटनेकडे पाहतो.

जव्हारचे अखेरचे राजे यशवंतराव मुकणे, म्हणजे पाचवे पतंगशाह. ते १९२७ साली बालवयात गादीवर आले, १९३८ मध्ये त्यांना पूर्णाधिकार मिळाले, आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हवाई दलात काम केले. गुलाबी दगडाचा जयविलास राजवाडा, ज्याला लोक राजबारी म्हणतात, तो त्यांनी बांधला. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा एक तालुका झाले. राजांनी ते मुकाट्याने स्वीकारले, आणि १९६२ साली तेच लोकांची मते मागून लोकसभेत गेले. ज्या वंशाने बैलाच्या कातड्याने राज्य मिळविले, दिल्लीच्या किताबाने ते मिरविले, आणि पुण्याच्या तहनाम्यांनी ते गमावले, त्याच्या वंशजाला अखेर मतपत्रिकेच्या कागदावर आपल्याच जुन्या रयतेची संमती घ्यावी लागली. आणि ती मिळाली, हे त्या माणसाच्या पदरी जमा धरले पाहिजे.

पण राज्य गेल्याने डोंगराचे दैन्य गेले नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंची वार्ता साऱ्या राज्यात पसरली, आणि ज्या मुलखातून शतकानुशतके साग आणि तांदूळ बाहेर गेला, तेथील लेकरांच्या ताटात काय होते ते मुंबईला प्रथम कळले. राजा दोषी, पेशवा दोषी, इंग्रज दोषी, असे म्हणण्याची सोय तेव्हा उरली नव्हती. स्वराज्याला पंचेचाळीस वर्षे होत आली होती. आज साग संपत आला आहे. आता डोंगरातून खाली उतरते ते सूर्या नदीचे पाणी. धामणीच्या धरणातून ते डहाणू-पालघरच्या शिवारांना मिळते आणि नळांतून वसई-विरारसारख्या शहरांना जाते. पाण्यावर हातोड्याचा ठसा उमटत नाही, म्हणून ते कोणाचे हे कोणी विचारीत नाही, इतकाच काय तो फरक. हे पाणी पिणाऱ्या आणि त्यावर पिके काढणाऱ्या आम्हां सपाटीच्या लोकांना हा हिशेब कधीतरी द्यावा लागेल.

माझे निदान असे, की लहान देशाचे भाग्य त्याच्या राजाच्या शौर्यावर जेवढे अवलंबून असते, त्याहून अधिक ते दोन गोष्टींवर अवलंबून असते: त्याचा माल ज्या नाक्यावरून बाहेर जातो तो कोणाच्या हाती आहे, आणि जो माल पिकवितो त्याच्या पदरी त्यातून काय पडते. बिसावचा काजूवाला आणि जव्हारचा राबवाला यांना समोरासमोर बसविले तर भाषेवाचून त्यांचे अडणार नाही.

एक गोष्ट सांगून थांबतो. वाणगावच्या पूर्वेस, महामार्गावर चारोटीजवळ विवळवेढे येथे महालक्ष्मीचे स्थान आहे. चैत्र पौर्णिमेला तेथील यात्रा सुरू होते. त्या रात्री वाघाडीच्या पुजारी घराण्यातील मनुष्य हाती ध्वज घेऊन, दिवसादेखील चढण्यास कठीण अशा त्या सुळक्यावर एका दमात धावत जातो आणि मध्यरात्री तो शिखरावर लावतो. खाली तळपट्टीत वारली, कोकणा, मल्हार कोळी, मांगेला, वंजारी, सगळे माना वर करून पाहत असतात. तो ध्वज येतो जव्हारच्या मुकणे घराण्याकडून. संस्थान १९४८ साली संपले. ध्वज दरवर्षी चढतो.